क्वाय नदीवरचा पूल

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढल्यामुळे तापीच्या पुलावर गाडी शिरताच बदलणारा तिचा आवाज माझ्या कानांत कायमचा बसला आहे. थायलंडमधील कांचनाबुरी येथे क्वाय नदीच्या पुलाचा वार्षिक महोत्सव पाहताना तोच आवाज आठवला. तेथे अंधारात ध्वनी आणि प्रकाशझोतांतून दोस्त राष्ट्रांचे बॉम्बहल्ले उभे केले जातात.

सकाळी पुलावरून चालत गेलो. मूळ गाळ्यांच्या कमानी वक्र आहेत. मधले दोन गाळे मात्र कोनदार आहेत, कारण बॉम्बने पडलेल्या भागाच्या जागी ते युद्धानंतर बसवले गेले. त्या जोडावर मी हात ठेवला, तेव्हा लोखंड चांगलेच तापले होते.

जपानी लष्कराने १९४२-४३ मध्ये ब्रह्मदेशापर्यंतचा हा सुमारे ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग बांधून घेतला. त्यात बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मशानभूमीत नावांच्या ओळी आहेत. परंतु मलायाच्या रबरमळ्यांतून आणलेल्या तमिळ मजुरांसह जे आशियाई कामगार पटकीने आणि उपासमारीने त्याहून कितीतरी अधिक संख्येने गेले, त्यांतील बहुतेकांच्या नावाची साधी पाटीही नाही, हे मला फार लागले.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. फोनवर हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग एवढेच म्हणाले, “स्लीपर उचलायला किती माणसे लावत असतील रे?”