तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं फुकट राबायला येतात कशी?

"सर, आजकालची पोरं मोबाईलमधून मान वर काढीनात, तुमच्याकडं फुकट राबायला कशी येतात?" लातूरच्या बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, लोक हेच विचारतात.

एक तर ती फुकट येत नाहीत. कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 असे दोन वर्षांत 240 तास भरले आणि एक शिबिर केलं की प्रमाणपत्र मिळतं, निम्मी त्यासाठीच नाव घालतात. घालू द्या. 1969 साली, गांधी शताब्दीला योजना सुरू झाली तेव्हाही सगळीच ध्येयवेडी असतील असं मी धरत नाही.

ती टिकतात कशी, ते सांगतो. आधी माझी फजिती.

औशाकडच्या एका गावात आमचं पहिलं सात दिवसांचं शिबिर. सांडपाण्यासाठी शोषखड्डे घ्यायचे. जागा मी ठरवल्या, चुना मी टाकला, पोरांच्या हातात टिकाव-फावडं दिलं. अकरा खड्डे, फ्लेक्स, फोटो, सगळं झोकात. पावसाळ्यात सात तुंबले. काळी माती भिजून फुगली की पाणी खाली सोडत नाही, मुरूम लागेपर्यंत खांदावं लागतं. शिवाय गाळ अडवायला वर भोकं पाडलेलं मडकं आणि त्यात नारळाच्या शेंड्या असतात, त्या अधूनमधून धुवाव्या लागतात. कोण धुणार, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी बी.ए.ची एक पोरगी म्हणाली, "सर, जागा कोण ठरवली होती?"

"मी."

"मग गाळ काढायला बी तुम्हीच या की."

सगळी पोरं फिदीफिदी हसली. मी टेप आणि वही तिच्या हातात दिली. दोन दिवस टिकाव उचललाच नाही, पोरं घरोघर फिरत राहिली. एक आजी म्हणाली, "तिकडं नका खांदू लेकरांनो, काळीच हाय. बोरीखाली मुरूम लागतंय." आठवड्यात पाचच खड्डे झाले. माझा अहवाल फार केविलवाणा दिसला. पण प्रत्येक खड्ड्यापुढं शेंड्या धुणाऱ्याचं नाव होतं, आणि ती नावं मिळवायला पोरांनी गावात केवढी हुज्जत घातली होती! शेवटच्या दिवशी त्यांना गाडीत बसवताना माझा घसा बसला.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरावीत होतो. मदतीला गेलो, तर एका गुरुजींनी माझ्याकडं रजिस्टर दिलं. "या रांगेतल्या शेडमधली माणसं तू लिहायची. एक सुटायला नको." माझ्या वहीवरून धान्य मोजलं जायचं. मिसरूड न फुटलेला मी, रात्री उठून नावं पुन्हा ताडून बघायचो. मास्तर झालो आणि वही स्वतःच्याच काखेत धरून बसलो.

दरवर्षी 5 डिसेंबरला, आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिनाला, मला 'युवा नेतृत्व' यावर बोलायला बोलावतात. मी ही फजितीच सांगतो. आयोजकांना ती फारशी रुचत नाही.

त्या पोरीचा परवा पुण्याहून फोन आला. "सर, बोरीखालचा खड्डा चालू हाय का?" मला माहीत नव्हतं. जाऊन बघितलं. मडकं फुटलं होतं. कुणीतरी त्याजागी प्लास्टिकच्या घागरीला भोकं पाडून बसवली होती.