आमची वाटचाल : जुन्या गाडीला नवे मागचे लाइट

पुण्यात आमचं दुकान सुरू झालं ते ऑटो इलेक्ट्रिशियनचं. हॉर्न, सेल्फ, डायनॅमो, वायरिंग, बल्ब. मागच्या लाइटचं काम म्हणजे बल्ब बदलायचा, होल्डरची पत्ती पॉलिश पेपरने घासायची आणि लाइट परत बसवायचा. पार्किंग आणि ब्रेक मिळून 21/5 वॅटचा एक डबल पॉइंट, म्हणजे दोन फिलामेंटचा (तारांचा) बल्ब, इंडिकेटरला 21 वॅट, रिव्हर्सला 21 वॅट. आता आमचं मुख्य काम जुन्या गाडीला एलईडीचे पूर्ण लाइट बसवण्याचं आहे. मधल्या काळात कामाची पद्धत तीन वेळा बदलली. प्रत्येक वेळी का बदलली, हे सांगितलं तर हे काम करून घेणाऱ्यांना आणि करणाऱ्यांनाही उपयोग होईल.

सुरुवात जुन्याच लाइटमध्ये एलईडी बल्ब घालण्यापासून झाली. दहा मिनिटांचं काम, गिऱ्हाईकही खूश. तरी ते आम्ही बंद केलं. जुन्या लाइटचा रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागची चकचकीत वाटी, फिलामेंटची जागा धरून आखलेला असतो. एलईडी बल्बमधल्या चिप बाजूंना चिकटवलेल्या असतात, त्यामुळे प्रकाश भलत्याच दिशांना जातो. जवळून बघितलं तर झगझगीत, पन्नास पावलं मागे जाऊन बघितलं तर फिका. पांढरा एलईडी लाल काचेमागे घातला तर आणखी वाईट, कारण त्याच्या प्रकाशात लाल भाग मुळातच थोडा असतो आणि बाकीचा काच गिळून टाकते. सगळ्यात मोठी अडचण पार्किंग आणि ब्रेकमधल्या फरकाची. फिलामेंटमध्ये 5 आणि 21 वॅट असा ठळक फरक असतो. स्वस्त एलईडी बल्बमध्ये तो इतका कमी की रात्री मागच्या माणसाला ब्रेक दाबल्याचं कळतच नाही. दिवा मागच्यासाठी असतो. तोच फसत असेल तर काम करण्यात अर्थ नाही.

म्हणून पूर्ण लाइट बदलायला लागलो. यातला पहिला नियम आजही तोच आहे : बॉडी तीच असली पाहिजे. होंडा सिटीचं उदाहरण सोयीचं आहे. 2014 मध्ये आलेल्या पिढीला 2017 मध्ये नवा चेहरा मिळाला आणि वरच्या झेडएक्स व्हेरिएंटला एलईडीचे मागचे लाइट आले. क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) जुनंच राहिल्यामुळे हे लाइट आधीच्या गाडीवर बसतात. पिढीच बदलली असेल तर मात्र पत्रा कापून, फायबर भरून लाइट बसवण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. तिथून पाणी आत येतं आणि अपघातानंतर पॅनेल सरळ करणाऱ्यालाही काही उमजत नाही.

लाइट तीन ठिकाणांहून येतात : कंपनीचे नवे, बाहेरचे आफ्टरमार्केट आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातले, भंगारात निघालेल्या गाड्यांचे. भंगारातला चालतो, पण लाइट बसवायच्या खुंट्या अखंड हव्यात, आत पाण्याचे डाग नकोत आणि कपलर (वायरी जोडणारा प्लग) मागच्या सहा इंच वायरीसकट मिळायला हवा. त्या सहा इंचांचं महत्त्व पुढे येईल. आफ्टरमार्केट घेताना काचेवर प्रमाणनाची खूण आहे का, ते आधी बघतो. मग रिफ्लेक्टर, म्हणजे मागच्या गाडीचा प्रकाश परत फेकणारा लाल तुकडा. बऱ्याच चकचकीत लाइटमध्ये लाल रिफ्लेक्टर गाळलेलाच असतो, म्हणजे गाडी बंद करून रस्त्याकडेला उभी केली की मागून येणाऱ्याला काहीच चमकत नाही. नियमाप्रमाणे मागे दोन लाल रिफ्लेक्टर लागतातच. अमेरिकेसाठी बनलेल्या लाइटमध्ये इंडिकेटर लाल असतो. तिकडे ते चालतं, आपल्याकडे इंडिकेटर पिवळाच हवा. युरोपातून आलेल्या जोडीत मागचा फॉग लाइट डाव्या बाजूला असू शकतो. आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीत तो उजव्या बाजूला हवा. काळ्या, धुरकट काचांचे लाइट आम्ही ठेवत नाही आणि बसवत नाही.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून त्याच मॉडेलचा, कंपनीचा लाइट हाच आमचा पहिला सल्ला असतो.

दुसरा बदल वायरिंगचा, आणि आमच्या मते या कामातला सगळ्यात महत्त्वाचा. पूर्वी जुना कपलर कापून वायरी सरळ नव्या लाइटला जोडायचो. आता गाडीच्या मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) कात्री लागत नाही. मधला हार्नेस आम्ही टेबलावर बनवतो : एका टोकाला जुन्या लाइटच्या बाजूचा कपलर, दुसऱ्या टोकाला नव्या लाइटला बसणारा. भंगारातल्या कपलरच्या त्या सहा इंच वायरी इथे कामी येतात. पिना जुळवताना वायरच्या रंगावर विसंबत नाही. डाव्या-उजव्या बाजूंत आणि दोन वर्षांच्या गाड्यांत रंग बदललेले असू शकतात. पार्किंग लावून, ब्रेक दाबून, इंडिकेटर आणि रिव्हर्स टाकून प्रत्येक पिनेवर मीटर धरायचा आणि कागदावर लिहायचं. नवा लाइट टेबलावर 13.5 व्होल्टवर लावून प्रत्येक पिनेचा करंटही टिपून ठेवतो. सिग्नलना 0.75 चौरस मिलिमीटरची वायर, अर्थला (बॉडीच्या पत्र्याकडे परत जाणाऱ्या वायरीला) 1 चौरस मिलिमीटरची. टर्मिनल योग्य पकडीने क्रिंप करायचं (दाबून वायरवर घट्ट बसवायचं), हाताने ओढून बघायचं, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). साधी काळी इन्सुलेशन टेप नको. उन्हाने डिकी तापली की तिचा गोंद पाझरतो आणि टेप सुटते. कापडी हार्नेस टेपच हवी. वायर न सोलता पत्तीने चावा घेणारे झटपट जोड तर अजिबात नकोत. कोकणातल्या गाड्यांत असे जोड एक-दोन पावसाळ्यांत हिरवे पडलेले सापडतात.

नव्या लाइटचा अर्धा भाग डिकीच्या झाकणावर असेल आणि जुन्या गाडीत तिथे वायरच नसेल, तर नव्या वायरी बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच न्यायच्या. तिथे बारीक तारांची लवचिक वायर हवी आणि थोडी ढील ठेवायला हवी. झाकण उघडझाप होऊन वायर नेमकी तिथेच तुटते.

आता अर्थच्या वायरीचं. एलईडी लावल्यावर ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, अशी तक्रार आली की लोक नव्या लाइटला दोष देतात. बहुतेक वेळा दोष जुनाच असतो. अर्थ कमजोर असला की करंट दुसऱ्या दिव्यातून वाट शोधतो. फिलामेंट तेवढ्या करंटवर पेटत नाही, एलईडी पेटतो. त्यामुळे अर्थची तपासणी जुना लाइट काढण्याआधी करायची. पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर आणि रिव्हर्स मिळून एका बाजूला 68 वॅट होतात, म्हणजे साधारण साडेपाच अँपिअर. एवढा भार चालू असताना लाइटच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावायचा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट काढून पत्रा घासायचा. एलईडी बसवल्यावर करंट इतका कमी होतो की हीच चाचणी खोटी पास होते. हा क्रम आम्हाला उशिरा उमगला. आता तो जॉबकार्डवर पहिल्या ओळीत छापलेला आहे.

तिसरा बदल इंडिकेटरच्या घाईमुळे : एलईडी लावला की तो भराभर लुकलुकतो. नियमात मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकणं बसतं. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर करंट मोजतो. करंट कमी दिसला की बल्ब गेला समजून वेग वाढवतो. वेगळा रिले असलेल्या जुन्या गाड्यांत उपाय सोपा आहे. भाराशी संबंध नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावायचा, तीन पिनांचा क्रम तपासून. जिथे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर) हे काम करतं आणि सेटिंग बदलता येत नाही, तिथे 6 ओहम 50 वॅटचा रेझिस्टर (जादा करंट खाणारा तुकडा) इंडिकेटरच्या समांतर लागतो. 13.8 व्होल्टला तो 2.3 अँपिअर, म्हणजे सुमारे 32 वॅट खातो. इंडिकेटरमध्ये निम्मा वेळ बंद असल्याने सरासरी 16. पण तोच रेझिस्टर ब्रेकच्या लाइनवर लावला तर सिग्नलवर पाय ब्रेकवर असेपर्यंत पूर्ण 32 वॅटची शेगडी पेटलेली राहते. सोनेरी ॲल्युमिनियमच्या डब्यावर लिहिलेले 50 वॅट हे तो पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवला तरच खरे. डबल टेपने प्लास्टिकवर किंवा डिकीच्या कार्पेटमागे चिकटवलेला रेझिस्टर म्हणजे आगीला निमंत्रण. असे काढून टाकण्याची कामंही आमच्याकडे नियमित येतात.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक गाड्यांत रेझिस्टर लागतच नाही. स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) त्या आउटपुटला दिव्याचा प्रकार एलईडी असा सांगता येतो आणि बल्बची तपासणी बंद करता येते. ही तपासणी दिवा बंद असतानाही बारीक ठोके पाठवते. पार्किंग लावलेलं नसताना एलईडी मधूनच चमकतो तो त्यामुळेच. काही गाड्या 21 वॅटच्या एकाच फिलामेंटला तुकड्यातुकड्यांनी वीज देऊन पार्किंग लाइट म्हणून वापरतात. साधा मीटर तिथे तीन-चार व्होल्ट दाखवतो आणि वायरिंग खराब असल्याचा भास होतो. म्हणूनच आम्ही छोटा ऑसिलोस्कोप (व्होल्टचा आलेख दाखवणारं यंत्र) घेतला. त्याच्यावर ते बारा व्होल्टचे तुकडे स्पष्ट दिसतात.

फ्यूज मात्र कधीही वाढवायचा नाही. भार कमी झालाय, फ्यूज उडत असेल तर कुठेतरी वायर दबली आहे.

पाण्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. बल्ब स्वतःच्या उष्णतेने काच आतून सुकवायचा, एलईडी ते करत नाही. म्हणून फोमची गॅस्केट (पाणी अडवणारी पट्टी) प्रत्येक वेळी नवी, श्वास घेण्याचं भोक उघडं, आणि नट हाताच्या जोरानेच, आळीपाळीने थोडे थोडे. पान्याने आवळले तर खुंटी तडकते किंवा गॅस्केट एका बाजूला दबते. मग दहा मिनिटं पाइपने पाणी मारायचं आणि डिकीत टिश्यू पेपर दाबून बघायचा.

शेवटची तपासणी अंधारात, गाडीपासून पंचवीस-तीस पावलं मागे उभं राहून. पार्किंग चालू ठेवून ब्रेक, ब्रेक दाबून इंडिकेटर, मग सगळं एकत्र, इंजिन बंद आणि चालू अशा दोन्ही वेळी. काढलेले जुने लाइट बल्ब आणि होल्डरसकट खोक्यात भरून मालकाच्या हाती देतो, आत पिनांचा कागद ठेवून. गाडी विकताना कंपनीचे मूळ लाइट हवे असतील तर मधला हार्नेस काढायचा आणि जुना कपलर होता तिथे लावायचा.