मूळ फाइल आहे का? : आमची वाटचाल

माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी करून द्यायचं दुकान. गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला. "मूळ फाइल आहे का?" समोरचा मोबाइल पुढे करतो. "ही काय ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर आहे की."

१९९९ साली सांगलीत मारुती चौकाजवळ गाळा घेतला तेव्हा माझ्याकडे मराठी टायपिंगचं ३० चं सर्टिफिकेट, एक कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर एवढंच भांडवल होतं. पानं मांडायला पेजमेकर, मराठी अक्षरांना श्री-लिपी आणि काम लग्नपत्रिकांचं. पत्रिकेवरचा गणपती कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषांनी काढलेला, म्हणजे वेक्टर, त्यामुळे १.४४ एमबीच्या फ्लॉपीत आरामात मावायचा आणि कितीही मोठा केला तरी फाटायचा नाही. फोटोचं तसं नसतं, तो ठिपक्यांचा. ए-फोर आकाराचा रंगीत फोटो छपाईसाठी ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी धरला तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, चार रंगांचे मिळून साधारण ३५ एमबी. फ्लॉपीच्या हिशेबात चोवीस फ्लॉप्या. म्हणून आम्ही फोटोचं काम घ्यायचोच नाही!

पहिला मोठा फटका हळदीच्या पाकिटाने दिला. स्क्रीनवर पिवळाधमक रंग दिसत होता. पण स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या उजेडाने रंग दाखवते आणि ऑफसेट छपाईत सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), यलो, ब्लॅक अशा चार शाया चालतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, अंगी लागलं नव्हतं. स्क्रीनच्या रंगांचं (आरजीबी) चार शायांत (सीएमवायके) रूपांतर करताना पिवळ्यात थोडा सायन शिरला. पाच हजार पाकिटं छापून आली, सगळी हिरवट. व्यापारी पाकीट उजेडात धरून म्हणाले, "ताई, ही हळद आहे का मेथीची पूड?" सांगलीत बसून हळदीचा रंग चुकवला म्हटल्यावर बोलणार काय? छपाईचा खर्च मी सोसला. तेव्हापासून हळदीचा रंग मी आकड्यांनी भरते: यलो १००, मॅजेंटा २५, सायन शून्य. स्क्रीनकडे बघतसुद्धा नाही.

बाकीच्या खोड्या सगळ्याच डीटीपीवाल्यांच्या. अक्षरं कर्व्ह न करता, म्हणजे त्यांचं रेषांचं चित्र न करता फाइल प्रेसला पाठवली, तिथे फॉन्ट नव्हता, आणि 'शुभविवाह'च्या जागी भलतीच चिन्हं उमटली. जेपीजी उघडायची, डाग पुसायचा, पुन्हा जेपीजीच सेव्ह करायची, असं आठ-दहा वेळा केलं आणि नवरीच्या गालावर चौकटी उठल्या. जेपीजी जागा वाचवायला दर सेव्हला थोडा तपशील टाकून देते. काम चालू असेतो फोटोशॉपची मूळ फाइल, पीएसडी, ठेवायची, जेपीजी अगदी शेवटी.

मग ऑगस्ट २०१९ चा पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. २००५ चा पूर पाहिलेला, त्या अंदाजाने आम्ही कॉम्प्युटर आणि बॅकअपची हार्ड डिस्क उंच कपाटावर ठेवून निघालो. दोन्ही एकाच कपाटावर! पाणी ओसरल्यावर कपाट आडवं पडलेलं आणि डिस्कमध्ये गाळ. वीस वर्षांच्या कोरलच्या फाइली गेल्या.

गिऱ्हाइकांना फोन केले. प्रत्येकाकडे काय, तर पाकिटाचा फोटो, नाहीतर व्हिजिटिंग कार्डाची धूसर जेपीजी. त्यावरून लोगो परत काढायला बसलो. सॉफ्टवेअरकडून आपोआप ट्रेस करून, म्हणजे रेषा गिरवून घेऊन पाहिलं. शिरोरेखा लाटांसारखी वाकली, 'श्र'च्या गाठीचा गोळा झाला. शेवटी पेन टूलने एकेक बिंदू टाकत, चार महिने. या कामाचे पैसे कोणाकडे मागायचे? पेठेत सगळेच चिखलात होते.

आता मुख्य काम फ्लेक्सचं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांची पंचवीस डोकी, प्रत्येकाची पार्श्वभूमी कापून पारदर्शक पीएनजी करायची, आणि कोणाचं डोकं कोणापेक्षा लहान दिसता कामा नये. हे राजकारण कुठल्याही सॉफ्टवेअरला जमत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा होऊन येतो. दहा फुटांवर ताणला की इंचाला तेराच पिक्सेल. म्हणून भिंतीवर पाटी लावली आहे, 'फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा'.

परवा एकजण वडिलांच्या पुण्यस्मरणाच्या फ्लेक्ससाठी असाच बारका फोटो घेऊन आला. आमच्या पोराने एआयने तो मोठा केला. चेहरा चकाचक झाला. मुलगा बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बाबांच्या हनुवटीवरचा तीळ कुठं गेला?" सॉफ्टवेअरने डाग समजून पुसला होता. त्याला घरी पाठवून अल्बममधला चार बाय सहाचा जुना फोटो आणवला, ६०० डीपीआयला स्कॅन केला. २४०० गुणिले ३६०० पिक्सेल, दोन बाय तीन फुटांच्या फ्लेक्सला भरपूर. तीळ जागेवर होता. टिफ, म्हणजे तपशील न टाकणारी फाइल करून एक प्रत त्याच्या पेन ड्राइव्हवर दिली. दुसरी आमच्या डिस्कवर, आणि तिसरी विश्रामबागेत बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावर.