साऊंड ओके

आमच्या फिल्ममध्ये आजीचं काम करणाऱ्या बाई येणार नाहीत हे कळलं, तेव्हा आम्ही खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्यावर चहा पीत होतो. सकाळचे साडेसहा. त्यांना ऐनवेळी नाटकाचा प्रयोग लागला होता. विद्यार्थ्यांच्या फुकटच्या शॉर्टफिल्मपेक्षा नाइट मिळणारा प्रयोग मोठा, यात त्यांचं काहीच चुकलं नाही. डायरेक्टरनं फोन खिशात घातला, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि म्हणाली, "गावात आज्या असतीलच की."

२०१३ चा ऑक्टोबर. आम्ही पुण्यातल्या एका संस्थेत सिनेमा शिकत होतो, मी ध्वनिमुद्रणाला. वर्षअखेरची दहा मिनिटांची फिल्म, बजेट २२,०००, माणसं नऊ, गाड्या दोन. गोष्टीत पात्रंही दोनच, कारण पात्र वाढलं की जेवण वाढतं. नातू घर विकायचं ठरवून गावी येतो आणि नदीवर भांडी घासत बसलेल्या आजीला ते सांगतो, एवढीच गोष्ट. जागा ठरली वाईजवळची मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, देवळं, उतरत्या दगडी पायऱ्या. कॅमेरा कुठंही ठेवला तरी फ्रेम देखणी येते, म्हणून तर 'स्वदेस'वाल्यांनीही तिथं शूटिंग केलं होतं.

याचा एक तोटा आमच्या लक्षात आला नव्हता. मेणवलीच्या पोरांना शूटिंगचं काही म्हणजे काही अप्रूप नाही. गाडीतून सामान उतरत असताना दहा-बारा वर्षांचा एक पोरगा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "ट्रॉली न्हाई आणली?" नाही म्हटलं. "जनरेटर?" तोही नाही. तो निघून गेला. दिवसभरात आमच्या निर्मितीमूल्यांवर याहून नेमकी टीका कुणी केली नाही.

आजी मात्र खरंच मिळाल्या. घाटाच्या वरच्या आळीतल्या, सत्तरीच्या, नऊवारीतल्या. त्यांनी एकच विचारलं, "रडायचं हाय का? रडायचं असंल तर मला जमायचं न्हाई." रडायचं नव्हतं. शिवाय आमच्या आर्टवाल्यानं आणलेली घागर बघून त्या हसल्या. ती पितळेची, शोभेची. "हिनं कोण पाणी भरतं?" म्हणून घरातली तांब्याची घागर घेऊन आल्या. जुनी, ठोक्याची, बुडाशी एक पोचा पडलेली. फ्रेममध्ये ती इतकी चांगली दिसत होती की कॅमेरामन आधी अर्धा तास नुसती घागरच शूट करत बसला. तेवढ्या वेळात कोवळं ऊन गेलं.

मग माझी पाळी. लेपल माईक म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा माईक, तो कपड्यात लपवायचा असतो. शर्ट असेल तर सोपं. नव्या नऊवारीला खळ असते, पदर हलला की माईकमध्ये पापड मोडल्यासारखा आवाज येतो. मी लावणं बरं दिसणार नव्हतं, म्हणून कॉस्च्युमवाल्या मुलीला शिकवून वाड्यात पाठवलं. मायक्रोपोर टेपनं दोन ठिकाणी चिकटव, वायरला एक सैल वेटोळं ठेव, म्हणजे ओढ बसणार नाही. तिनं सगळं बरोबर केलं. हेडफोनवर आवाज आला तो बांगड्यांचा. दोन्ही हातांत डझन-डझन काचेच्या बांगड्या, आणि आजी भांडी घासणार. बांगड्या उतरवा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी बूमवरच, म्हणजे लांब दांडीला लावून डोक्यावर धरायच्या माईकवरच, सगळं घ्यायचं ठरलं. बूमच्या माईकवर वाऱ्यासाठी केसाळ कव्हर असतं. ते बघून आजी म्हणाल्या, "ह्ये मांजर डोक्यावर कशाला धरलंय?"

नातवाचं काम करणारा आमचाच एक मित्र, इंजिनिअरिंगचा. आदल्या आठवड्यात आम्ही पुण्यात त्याचा एस.टी.त चढतानाचा शॉट घेतला होता, त्यात त्याला दाढी होती. आदल्या दिवशी त्याचा कॅम्पस इंटरव्ह्यू झाला होता. तो गाडीतून गुळगुळीत गालांनी उतरला. त्यावर फार लिहीत नाही. "एस.टी.त बसला तेव्हा दाढी होती, उतरला तेव्हा नव्हती, प्रवास लांबचा होता," असं पुढे एडिटरनं स्वतःचं समाधान करून घेतलं.

मुख्य सीन दुपारी. घाटाच्या वरच्या बाजूला, देवळापाशी ती प्रसिद्ध घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी एक. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूचं चित्र कोरलंय. लोकेशन बघायला आलो तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिच्यासोबत फोटो काढले. ध्वनीचा विद्यार्थी म्हणून मी तिच्याकडे बघून जे ओळखायला हवं होतं, ते ओळखलं नाही.

दोनच्या सुमारास एका शाळेची सहल आली.

पहिल्या ठोक्याला डायरेक्टर "कट" म्हणाली. जुन्या घंटेचा ठोका संपत नाही, तो विरत जातो. हेडफोन लावलेल्या माणसाला तर तो इतरांच्या बराच नंतरपर्यंत ऐकू येतो. विरला असं वाटेपर्यंत दुसरा ठोका. सरांना विनंती केली, सरांनी मुलांना रांगेत उभं केलं, आणि रांगेतल्या प्रत्येकाला एकेक ठोका मारू दिला, कारण मुलं लांबून आली होती. त्या पंधरा-वीस मिनिटांत "रोल", "थांब", "कट", "नको, चालू ठेव", "अरे कट कर" असं इतकं झालं की माझा अंगठा रेकॉर्डरच्या बटणावर नुसता नाचत होता. बूम धरणाऱ्यानं तर हात दुखतात म्हणून मांजर खाली पायरीवर निजवलं होतं.

सहल गेली आणि पाऊस आला. परतीचा पाऊस, मोठमोठ्या थेंबांचा, पंधरा मिनिटांत आटपणारा. कॅमेऱ्यावर छत्री, रेकॉर्डरवर भाजीची प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली. पाऊस थांबल्यावर पुन्हा उभे राहिलो, तेव्हा कंटिन्यूइटी, म्हणजे एक शॉट दुसऱ्याशी जुळतो की नाही, ते बघणारी मुलगी वहीत बघून म्हणाली, "सकाळी अख्ख्या सीनच्या मास्टर शॉटमध्ये आजींच्या पायाखाली तीन पायऱ्या होत्या." आम्ही खाली बघितलं. दोन होत्या. वरच्या अंगाला धोम धरण आहे, तिथून पाणी सोडलं असावं. आम्ही बघत असतानाच दुसरी पायरी अर्धी ओली झाली. नदी कुणाच्या कंटिन्यूइटीसाठी थांबत नाही, म्हणून डायरेक्टरनं भराभर शॉट लावले. प्रत्येक टेकला कॅमेरा थोडा वर, आजी एक पायरी वर. आणि या गडबडीत घासून बाजूला ठेवलेली घागर अलगद उचलली गेली आणि निघाली. आर्टवाला गुडघाभर पाण्यात शिरला, पण त्याला पोहता येत नव्हतं. आम्ही आठ जण काठावरून तिला जाताना बघत होतो. ती डौलात चालली होती, तोंड वर करून.

आजींनी मात्र कमाल केली. घागर गेल्यावर त्यांनी दिलेले टेक त्या दिवसातले सर्वात चांगले. संवाद पाठ नव्हतेच. दर वेळी वाक्य वेगळं, पण जे बोलायच्या ते हातातलं भांडं घासता घासता, नातवाकडे न बघता. बूमवर आवाज असा स्वच्छ येत होता की माझ्या अंगावर काटा आला. टेक संपला की मी मोठ्यानं ओरडायचो, "साऊंड ओके!" अकरा टेक झाले. शेवटी सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करून एक मिनिटाची नुसती शांतता घेतली. जागेचा स्वतःचा आवाज, ज्याच्यावर पुढे सगळे तुकडे जोडायचे असतात. नऊ माणसं ओल्या कपड्यांत श्वास रोखून उभी होती.

संध्याकाळी आजींच्या घरातला एक शॉट राहिला होता. हजार-हजार वॉटचे दोन दिवे आम्ही त्यांच्या माजघरातल्या बोर्डाला लावले. दोन हजार वॉट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, आणि बोर्ड पाच अँपिअरचा. हे गणित बारावीच्या मुलालाही येतं. आमच्यातल्या सहा जणांचं सायन्स झालेलं होतं. फ्यूज गेला, घर अंधारात, आजींचा मुलगा मालिका बघत होता ती बंद. पॅकअप.

रात्री वाईच्या लॉजवर मी कार्ड लॅपटॉपला लावलं. दुपारची फाइल उघडली, हेडफोन चढवला. पहिला आवाज माझाच: "साऊंड ओके!" मग आजींचं काहीतरी पुटपुटणं, भांड्यांचा आवाज, कुणीतरी बिस्किटं मागतंय, मग डायरेक्टर: "रोल साऊंड!" आणि लगेच, एका क्षणाचाही खंड न पडता, पुन्हा मी: "साऊंड ओके!"

मी फाइल पुढे सरकवली. "रोल साऊंड!" "साऊंड ओके!" पुन्हा पुढे. पुन्हा तेच.

झालं होतं असं. तुकडे कमी व्हावेत म्हणून मी स्टॉप न करता पॉज वापरत होतो. एकाच बटणानं थांबतं आणि त्याच बटणानं चालू होतं. घंटेच्या गोंधळात कुठंतरी एकदा जास्त दाबलं गेलं आणि तिथून सगळं उलटं झालं. रोल म्हटलं की मी थांबवत होतो, कट म्हटलं की चालू करत होतो. पॉजवर असतानाही हेडफोनमध्ये आवाज येतच राहतो, त्यामुळे कानाला काही कळायचा मार्ग नाही. कळतं फक्त दिव्यावरून आणि पळणाऱ्या आकड्यांवरून, आणि दोन्ही भाजीच्या पिशवीखाली. अकरा टेकचा एक शब्द नाही. नऊ माणसांनी श्वास रोखलेलं ते मिनिटही नाही. होतं ते फक्त दोन टेकच्या मधलं, सव्वातीन ते साडेपाचपर्यंतचं.

सांगायला मी दीड तास घेतला. आधी बूमवाल्याला सांगितलं, तो म्हणाला, "मी फक्त मांजर धरलं होतं." मग डायरेक्टरला. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "पूर्ण ऐकव." पहाटे दोनपर्यंत आम्ही दोघं एकेक इअरफोन कानात घालून ते ऐकत बसलो.

पुन्हा शूटिंग शक्य नव्हतं. पैसे संपले होते, पायऱ्या बुडाल्या होत्या. मग डबिंग. आजींना गाडी करून पुण्यात आणलं. स्टुडिओतल्या पडद्यावर स्वतःलाच बघून त्या म्हणाल्या, "तिच्या तोंडाकडं बघून बोलायचं? ती मीच की." आणि त्यांनी प्रत्येक वाक्य नव्यानं, नव्या शब्दांत, फार सुंदर म्हटलं. एकाही वाक्याचे ओठ जुळले नाहीत. शेवटी बहुतेक सीन कॅमेऱ्यातल्या चिमुकल्या माईकवर आलेल्या आवाजावर निभावला. लांबचा, पोकळ, नदीच्या खळखळाटात बुडालेला. परीक्षकांनी माझ्या नावापुढे काय शेरा दिला असेल, ते ओळखणं कठीण नाही.

एकच वाक्य माझ्या फाइलमधून फिल्ममध्ये गेलं. सातव्या आणि आठव्या टेकच्या मधलं, घागर दिसेनाशी झाल्यानंतरचं. कॅमेरा बंद होता, आजी कुणाशीच बोलत नव्हत्या. "वाईला लागली असंल आता, ढोल्या गणपतीपाशी. घावंल कुणाला तरी." डायरेक्टरनं ते शेवटच्या रिकाम्या घाटाच्या शॉटवर टाकलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, हे वाक्य स्क्रिप्टमध्ये आधीपासून होतं का. ती म्हणाली, "हो सर." मी शेजारीच उभा होतो. माझी बोलण्यासारखी परिस्थिती नव्हती.

दिवाळीनंतर आम्ही वर्गणी काढून तांबट आळीतून नवी घागर घेतली आणि मेणवलीला गेलो. तेव्हाच्या आमच्या खिशाला ती फारच महाग पडली. आजींनी ती हातात घेतली, उलटी करून बुडावर बोटानं टिचकी मारली, कानाशी नेऊन ऐकलं.

"पत्रा पातळ हाय," म्हणाल्या, आणि आत चहा टाकायला गेल्या.