बाटली घेऊन या

ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस. दुपारी निफाडकडून पिकअपमध्ये घालून चाळिशीच्या एका द्राक्ष बागायतदारांना आमच्या रुग्णालयात आणलं. मिलीबगसाठी (पिठ्या ढेकूण) फवारताना ब्लोअरची नळी निसटून औषध अंगावर उडालं होतं, आणि ओल्या शर्टानंच त्यांनी उरलेल्या ओळी संपवल्या होत्या. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घामाच्या धारा, तोंडाला फेस, छातीत घरघर, नाडी ५०: ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेचं चित्र.

ऑक्सिजन, ॲट्रोपिन (स्राव आवरून नाडी वाढवणारा उतारा) आणि सोबतच कपडे काढून साबणानं अंग, केस, नखं धुणं. विष कातडीतून गेलेलं, म्हणून पोट धुतलं नाही.

ॲट्रोपिनची अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची. तीन दिल्या. पाच मिनिटांनी छाती तशीच, म्हणून सहा. मग बारा. "सर, एकवीस झाल्या," सिस्टर काळजीनं म्हणाल्या. पण हात आखडतो तिथंच रुग्ण जातो. बांगलादेशातल्या २०१२च्या चाचणीत ठरावीक डोस देत राहण्याच्या जुन्या पद्धतीत २२.५ टक्के दगावले. दुप्पट करत जाऊन मग ड्रिप लावली, त्यांत ८ टक्के. थांबायचं ते छाती मोकळी, काख कोरडी, नाडी ८०च्या वर गेल्यावर. बाहुल्यांची वाट पाहायची नाही, त्या उशिरा मोठ्या होतात. मग एकूण डोसच्या २० टक्के, म्हणजे तासाला साधारण चार अँप्यूल. ताप, बडबड किंवा पोटाचा आवाज बंद झाला तर ड्रिप थांबवायची.

खरा पेच पामचा, म्हणजे विषानं जखडलेलं एन्झाइम सोडवणाऱ्या प्रॅलिडॉक्सिम या औषधाचा. बारामतीच्या २००६च्या चाचणीत सलग ड्रिपनं मृत्यू ८ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. श्रीलंकेच्या २००९च्या चाचणीत रक्तातलं एन्झाइम सुधारलं, मृत्यू मात्र घटले नाहीत. म्हणून मुलाला म्हणालो, "बाळा, शेतातून बाटली घेऊन ये." लेबलवर क्लोरपायरीफॉस. क्लोरपायरीफॉसच्या उपगटात एन्झाइम बरेच तास सोडवता येतं; प्रोफेनोफॉस असतं तर पामकडून फार आशा नव्हती. बारामतीचे रुग्ण लवकर पोहोचलेले, आमचे काकाही तसेच. दोन्ही बाजू मुलाला समजावल्या, तो म्हणाला, "द्या." २ ग्रॅम अर्ध्या तासात, घाईनं दिलं तर बीपी चढतो, मग तासाला १ ग्रॅम, ४८ तास.

पाम कुणाला, यावर माझा निर्णय आजही बाटलीवर अवलंबून असतो. ॲट्रोपिनबाबत मात्र शंका नाही.

पुढचे चार दिवस दर चार तासांनी एकच सांगणं: "काका, उशीवरून डोकं उचला." मान पडली की श्वासाचे स्नायूही जातात, व्हेंटिलेटर लागतो. तिसऱ्या रात्री मान थरथरली, तेव्हा मशीन खाटेशेजारी आणून ठेवलं. सकाळी त्यांनी डोकं उचललं आणि धरून ठेवलं.