मन खात असेल, तर आधी कागद घ्या

केलेली चूक सलायला लागली की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधले बरेच जण ठरावीक गोष्टी करतात. उपवास वाढवतात, अर्पणाच्या पिशवीत नेहमीपेक्षा मोठी नोट टाकतात, संडेस्कूलचं काम अंगावर घेतात. यात वाईट काही नाही. पण ज्या भावाच्या वाट्याचे पैसे दाबले, त्याला फोन तेवढा होत नाही. टोचणी तशीच राहते, आणि वर शंका येते की देवाने क्षमा केली की नाही.

म्हणून पहिलं काम कागदावरचं. काय केलं, कोणाच्या बाबतीत, केव्हा, एवढंच लिहा. 'मी फार पापी आहे' हे पुरत नाही. 'मार्चमध्ये सोसायटीचे चार हजार घरी वापरले आणि हिशेबात रंगकामाला दाखवले' हे पुरतं. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि त्याला लढाईत मारवलं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तेव्हा त्यानेही असंच बोट ठेवलं: उरीया हित्ती, त्याची बायको, अम्मोन्यांची तलवार (२ शमुवेल १२). पंधरा-वीस मिनिटं बसूनही काही उतरत नसेल, नुसतंच जड वाटत असेल, तर पाप उकरत बसू नका. अपुरी झोप, आजारपण, घरातलं दुःख, लहानपणापासून ऐकलेले टोमणे, यांनीही मन असंच जड होतं.

उतरलेली गोष्ट खरंच पाप आहे का, हेही बघा. सदसद्विवेकबुद्धी चुकीचं शिकलेलीही असू शकते. आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण म्हणजे सणासुदीचं खाणं. १ करिंथ १० मध्ये पौल सांगतो की कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. पण 'हे मूर्तीला वाहिलेलं आहे' असं कोणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. शेजारच्या काकूंनी दिवाळीत फराळाचं ताट पाठवलं आणि चकली खाल्ली, तर रात्रभर तळमळायचं कारण नाही. प्रसाद म्हणून हातावर ठेवलं, तर हात जोडून नाही म्हणावं. मात्र मनात शंका असेपर्यंत रेटून खाऊही नये, रोम १४:२३ त्याबद्दल स्पष्ट आहे. आधी समजून घ्यावं, मग खावं.

पाप ठरलं की देवापुढची कबुली लांबलचक लागत नाही. दावीदाचं 'मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे' आणि क्षमेची घोषणा, दोन्ही एकाच वचनात आहेत (२ शमुवेल १२:१३). 'कळत-नकळत काही चुकलं असेल तर' ही प्रार्थना उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायला ठीक आहे. एकट्याने कागद समोर ठेवून म्हणताना ती पळवाट होते. पापं पदरी घेतली तर देव 'विश्वसनीय व न्यायी' आहे म्हणून क्षमा करतो, असं १ योहान १:९ म्हणतं. क्षमेचा आधार ख्रिस्ताने वधस्तंभावर केलेलं काम आहे. कबुलीनंतर लगेच हलकं वाटलं नाही, म्हणून ती अपुरी ठरत नाही.

इथपर्यंत बहुतेक जण येतात. पुढे अडतं.

लेवीय ६:१-७ सावकाश वाचा. फसवून घेतलेली, लुबाडलेली किंवा सापडूनही लपवलेली वस्तू आधी मालकाला परत, वर तिचा पाचवा हिस्सा, आणि मग वेदीकडे अर्पण. दहा हजार घेतले असतील तर बारा हजार. गणना ५:८ मध्ये तर माणूस हयात नाही आणि घ्यायला जवळचा नातलगही नाही अशी वेळही धरलेली आहे: रक्कम परमेश्वराची, म्हणजे याजकाकडे द्यायची. आज वारस शोधावा. कोणीच नसेल तर गरिबांच्या कामाला द्यावी, पण स्वतःकडे ठेवू नये. निर्गम २२ प्रमाणे पकडलेल्या चोराला दुप्पट, जनावर मारलं किंवा विकलं असेल तर चौपट-पाचपट भरावं लागे. आपणहून कबूल करणाऱ्याला फक्त पाचवा हिस्सा जादा. आणि लूक १९ मधला जकातदार जक्कय? त्याने आपणहून चौपट देऊ केलं, म्हणजे चोराचा दर स्वतःला लावला. क्षमा विकत घेण्यासाठी नव्हे. येशू आधीच त्याच्या घरी उतरायला निघाला होता.

एकदम देता येत नसेल तर हप्ते ठरवून लेखी द्या. पाकिटात पैसे घालून निनावी पाठवणं काहीच न करण्यापेक्षा बरं, पण दुसऱ्यावर आळ आला असेल तर ते चालत नाही. घरातल्या पोराने पैसे उचलले आणि कामाच्या मावशींना चोर ठरवून काढलं, तर त्यांच्या घरी जाऊन, ज्यांच्यासमोर बोललो त्यांनाही सांगून, त्यांचं नाव साफ करावं लागतं. बुडालेला पगार वेगळा. कॅथलिक वाचकांनीही हे लक्षात ठेवावं: पापनिवेदनानंतर फादरनी दिलेली प्रार्थना म्हटली म्हणून चोरलेलं परत करणं माफ होत नाही, चर्चची शिकवणच तशी आहे.

माफी मागताना 'तुला वाईट वाटलं असेल तर' आणि 'पण' हे दोन्ही गाळा. काय केलं ते सांगा, चूक माझी म्हणा, भरपाई सांगा, थांबा. समोरच्याने तिथल्या तिथे माफ करावं असा आग्रह नको. पुन्हा पुन्हा क्षमा करायला सांगणारा मत्तय १८ त्याच्या तोंडावर मारू नका. कबुलीची व्याप्ती पापाइतकीच असावी. एखाद्या बाईबद्दल मनात वाईट विचार आला, तर तो तिला जाऊन सांगणं म्हणजे तिच्यावर नवा अन्याय. विवाहबाह्य संबंधासारख्या गोष्टीत एकट्याने घाई करू नका, आधी भरवशाच्या पाळकांशी बोला. लहान मुलावरचा अत्याचार मात्र पाळकांच्या खोलीत मिटवायचा विषयच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

एवढं सगळं झाल्यावरही तेच पाप पुन्हा टोचतं, पुन्हा कबुली, दहा मिनिटं बरं, पुन्हा शंका. हे चक्र जुनं आहे. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला इग्नेशियस लोयोला, पुढे येशूसंघ (जेझुइट) स्थापणारा, यातच अडकला होता. जुन्यातलं अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग, असं त्याला पापनिवेदन ऐकणाऱ्याने बजावलं. उपयोग शून्य, कारण त्याला सगळंच अगदी स्पष्ट वाटत होतं! शेवटी जुनं काहीही पुन्हा सांगायचंच नाही असं त्याने ठरवलं, तेव्हा सुटका झाली. तुम्हीही एकच पाळक किंवा फादर धरा, 'हे मिटलं' असं त्यांच्याकडून एकदा ऐका, आणि त्या बाबतीत पुन्हा कबुली देऊ नका, दुसऱ्या कोणाला विचारूही नका. पहिले काही दिवस घालमेल वाढते. ती सोसायची, प्रार्थनेने दाबायची नाही. दिवसाचे तास यात जात असतील, काम-जेवण सुटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. हा ओसीडीचाच, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचा, एक प्रकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टर ख्रिस्ती असलाच पाहिजे अशी अट घालत बसू नका.