असिस्ट कमी झाले म्हणजे खेळ खुंटला का?

आमच्या बास्केटबॉल संघाच्या पॉइंट गार्डचा, म्हणजे बॉल पुढे आणून चाली सुरू करणाऱ्या खेळाडूचा, करार वाढवायचा की नाही, यावरची बैठक चहा संपेपर्यंत आटोपेल असं सगळ्यांनीच धरलं होतं. मुख्य प्रशिक्षकांचं मत ठरलेलं होतं. पहिल्या हंगामाचं आकडेवारीचं पत्रक आणि आत्ताचं पत्रक त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं. गुण जवळपास तेवढेच, टर्नओव्हर (बॉल गमावणं) थोडे कमी, पण असिस्ट, म्हणजे ज्यावर लगेच बास्केट होते असे पास, बऱ्यापैकी घटलेले. ‘पॉइंट गार्डचं काम काय? दुसऱ्याला बास्केट करून देणं. तेच कमी झालंय. मुलगी मेहनती आहे, पण खेळ पुढे गेलेला नाही,’ सर म्हणाले.

सहप्रशिक्षक मॅडमना हे अजिबात पटलं नाही. पहिल्या हंगामात बॉल वर आणणारी ती एकटीच होती, त्यामुळे प्रत्येक चाल तिच्यापासून सुरू व्हायची आणि बहुतेक वेळा तिच्याच पासवर संपायची. आता विंगवरची, म्हणजे कडेला खेळणारी खेळाडूही बॉल हाताळते. बॉल हातात कमी वेळ राहिला तर असिस्ट कमी होणारच, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणाले, ‘मग सुधारली असंही म्हणता येत नाही. भूमिका बदलली, एवढंच.’

इथे अमेरिकेतल्या एनबीए लीगचा नावाजलेला पॉइंट गार्ड जेसन किडचा विषय निघाला, आणि तो मॅडमनीच काढला. १९९४-९५ मध्ये, डॅलसकडून खेळलेल्या त्याच्या पहिल्या एनबीए हंगामात, तीन गुणांच्या रेषेबाहेरून किडचे २७.२ टक्के शॉट जाळीत जायचे. २००९-१० मध्ये तोच आकडा ४२.५ टक्के होता. ‘तिशी उलटल्यावर माणूस शूटर झाला,’ मॅडम म्हणाल्या. सरांचं उत्तर तयार होतं. डॅलसला परतल्यावर शेजारी डर्क नोविट्स्कीसारखा हुकमी गुण मिळवणारा असायचा, सगळा बचाव त्याच्याकडे ओढला जायचा आणि किडला पाय रोवून, निवांत शॉट मारायला मिळायचा. शॉट सोपे झाले, हात तोच.

व्हिडिओ आणि आकडे हे माझं खातं, म्हणून मी मध्ये पडलो. एक म्हणजे, १९९४-९५ पासून तीन हंगाम एनबीएने ती रेषा जवळ आणली होती. सगळीकडून सारखी २२ फूट, म्हणजे साधारण ६.७ मीटर. किडचे ते २७.२ टक्के जवळच्या रेषेवरचे आहेत. नंतर रेषा पुन्हा ७.२४ मीटरवर गेली, फक्त कोपऱ्यात ती जवळ राहिली. दुसरं, फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट बघा. तिथे नोविट्स्की मदतीला येत नाही आणि अंगावर डिफेन्डरही नसतो. पहिल्या हंगामात किड ६९.८ टक्क्यांवर होता, २००२-०३ मध्ये ८४.१ वर, आणि तेव्हा तो डॅलसला परतलेलाही नव्हता. म्हणजे हात सुधारला होता. डॅलसमध्ये त्या हाताला चांगले शॉटही मिळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या.

सर म्हणाले, ‘ठीक. मग हिचंही तसंच दाखव.’

मी क्लिप हंगामानुसार लावल्या नव्हत्या, प्रसंगानुसार लावल्या होत्या. मला ही पद्धत फार महत्त्वाची वाटते. सारखा प्रसंग, सारखी जागा, मग खेळाडूने काय केलं ते बघायचं. नाहीतर आपण खेळाडूची तुलना करतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात दोन वेगळ्या संघांची तुलना करून बसतो.

पहिली क्लिप जुनी. उजवीकडे, रेषेच्या जरा वर स्क्रीन लागली, म्हणजे आमच्या एकीने तिच्या डिफेन्डरची वाट अडवली. तिची डिफेन्डर आणि स्क्रीन लावणारीची डिफेन्डर, दोघी एकदम अंगावर आल्या. तिने ड्रिबल थांबवला, बॉल दोन्ही हातांत डोक्यावर धरला, एका पायावर गोल फिरली आणि कसाबसा मागे पास दिला. २४ सेकंदांच्या घड्याळातला निम्म्याहून जास्त वेळ तिथेच गेला.

दुसरी क्लिप याच हंगामातली. तीच जागा, तसाच दोघींचा ट्रॅप. या वेळी ड्रिबल जिवंत, बॉल टप्पे घेतच राहिला. दोन पावलं मागे, आणखी एक, त्या दोघीही तिच्यामागे ओढल्या गेल्या. तिची नजर डावीकडच्या कोपऱ्यावर, त्यामुळे मागच्या डिफेन्डरनेही तिकडे एक पाऊल टाकलं. आणि पास गेला फ्री थ्रो रेषेपाशी सुटलेल्या आमच्या सेंटरकडे. सेंटरने उजव्या कोपऱ्यात दिला, तिथून तीन गुण. असिस्ट सेंटरच्या नावावर. पत्रकात आमच्या पॉइंट गार्डसमोर काहीच नाही.

सरांनी ती क्लिप थांबवायला लावली, पुन्हा लावायला लावली. ‘नजर बघ तिची,’ ते म्हणाले, मला नाही, स्वतःशीच. मग अशा बऱ्याच क्लिप पाहिल्या. मॅडमनी त्यात एक नेमकी गोष्ट पकडली: पहिल्या हंगामात समोरचे संघ तिच्यावर दोघींना क्वचितच पाठवत. बहुतेक वेळा तिची डिफेन्डर स्क्रीनच्या खालून जायची, मार म्हणायची शॉट. आता जवळजवळ प्रत्येक संघ ट्रॅप लावतो. प्रतिस्पर्धी उगाच दोन खेळाडू खर्च करत नाहीत. माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच होता, आणि तो कुठल्याच पत्रकात नव्हता.

पण सर डाव्या हाताकडे वळले, आणि तिथे त्यांचा मुद्दा पक्का होता. डावीकडून आत शिरली की शेवटच्या पावलाला ती बॉल आजही उजव्या हातात घेते आणि उंच डिफेन्डर तो अडवते. पहिल्या हंगामात हेच, आत्ताही हेच. मी सगळी फाइल चाळली, उलट दाखवणारी क्लिप सापडली नाही. पास, वेग कधी कमी करायचा याची समज, दबावाखालचा ड्रिबल हे सगळं वर गेलंय आणि डाव्या हाताचं फिनिशिंग जागच्या जागी आहे. दोन्ही एकाच खेळाडूत. ‘सुधारली का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर मागणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं, विशेषतः पॉइंट गार्डच्या बाबतीत. तिचं निम्मं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होतं.

बचावावर मात्र एकमत झालं नाही. स्क्रीनवरून निघायला तिला आता जास्त वेळ लागतो हे तिघांनाही दिसलं. सर म्हणतात पाय जड झाले. मॅडम म्हणतात, आपणच तिला पूर्ण कोर्टवर प्रेस करायला, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच टोकापासून अडवायला लावतो, चौथ्या क्वार्टरमध्ये ती दमलेली असते. प्रेस नसलेल्या सामन्यांच्या क्लिप वेगळ्या काढल्याशिवाय याचा निकाल लागणार नाही, आणि ते काम माझ्याकडे आलं.

करार वाढला. सरांनी अट घातली की सुट्टीतल्या सरावात रोज डाव्या हाताचं फिनिशिंग, तेही अंगावर उंच डिफेन्डर घेऊन. आणि सराव सामन्यांपासून मी पत्रकात एक नवा रकाना भरायचा: असिस्टच्या आधीचा पास कुणाचा.